पातेलं रिकामं परत करू नये

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. इंग्लंडमधलं मेडनहेड गाव, नोव्हेंबरचा शनिवार. बेल वाजते, तुम्ही दार उघडता, तर शेजारचे आजोबा एनॅमलचं मोठं पातेलं घेऊन उभे. पातेल्याच्या काठावरून लांब शेपटीचा एक पक्षी तुमच्याकडे बघतो आहे. पक्षी मेलेला आहे. आता डोळे उघडा. (पक्ष्याचे उघडेच होते.)

माणसाने आपल्या मुलखात, आपल्या ऋतूत जे मिळतं तेच खावं, हे सर्व विचारी माणसांना मान्य आहे. एका पाहणीनुसार (पाहणी मीच केली, तीन घरांत) अशा अन्नाची शंभर टक्के लोक स्तुती करतात आणि उरलेले ते खातात. आपल्या गोष्टीतला यतीन पहिल्या गटात होता, आणि तिथे त्याला मान होता. मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याने ‘लोकल, सीझनल, वाइल्ड’ या विषयावर भाषण केलं होतं. भाषणानंतर सर्वांनी केनियाहून विमानाने आलेल्या फरसबीची भाजी आवडीने खाल्ली.

त्यामुळे शेजारच्या जेफ्रीआजोबांनी शिकारीहून येताना फेझंटची जोडी आणली, तेव्हा यतीनला नाही म्हणता येईना. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा विलायती चुलतभाऊ. यतीनने फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. मग त्याच्या बायकोने, नीनाने, पातेल्यात डोकावलं.

“यतीन, याला डोळे आहेत.”

“सगळ्यांनाच असतात.”

“माझ्या चिकनला नसतात.”

हे खरं होतं. नीना चिकन करायची ते सुपरमार्केटमधलं. त्याला डोळे नव्हते, पिसं नव्हती, पूर्वायुष्य नव्हतं.

“त्यांना सरळ सांगू या, आम्हाला नाही जमत म्हणून,” नीना म्हणाली.

“आणि बुधवारचं काय? आपण दोघंही ऑफिसात. आर्याला शाळेतून कोण आणणार? ते दुखावले तर?”

जिन्यावर बसलेल्या आर्याने हे ऐकलं. आर्या त्यांची मुलगी, वय वर्षं नऊ. अख्ख्या आठवड्यात तिला एकच वार आवडायचा. बुधवारी जेफ्रीआजोबा तिला घेऊन यायचे, आणि मग अंधार पडेपर्यंत ती आणि त्यांचा कुत्रा मस्टर्ड यांच्यात कोण जास्त चिखल करतो याची चुरस असायची.

सबब पक्षी काळ्या पिशवीत बांधून फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ठेवण्यात आले. आता राहिलं पातेलं. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच मोडता येत नाही. नीनाने पातेल्यात पुरणपोळ्या भरल्या.

“Lovely झाले होते पक्षी,” यतीनने दारात सांगितलं. “रस्सा केला, कोल्हापुरी.”

इंग्रजांचाही एक नियम आहे: कुणी आभार मानले की त्या आभारांचे आभार मानावे लागतात. हे दोन नियम एका कुंपणाला लागून राहायला आले की काय होतं, ते नीट समजून घ्या. पुढच्या शनिवारी पातेल्यातून तितर आले, लाडू गेले. ससा आला, शंकरपाळे गेले. हरणाची तंगडी आली, तेव्हा यतीनने दुसरा फ्रीझर घेतला. (पहिल्यातले मटार बेघर झाले होते.) “Lovely,” असं दर वेळी दोन्ही बाजूंनी म्हटलं जायचं.

आर्या मात्र बुधवारी आइसलॉली घ्यायला जेफ्रीआजोबांचा फ्रीझर उघडायची. तिथे पुरणपोळ्या होत्या. सगळ्या. लाडूही होते, गोठून इतके कडक, की मस्टर्डने एक चाखून पाहिला आणि शांतपणे बागेत पुरला. आर्या घरी काही बोलली नाही. बुधवार कशावर उभा आहे, हे तिला कळलं होतं.

जानेवारीत जेफ्रीआजोबा म्हणाले, “तुमचा तो फेझंटचा रस्सा मला एकदा खायचाय.”

रविवार ठरला. शनिवारी नीनाने काळी पिशवी उघडली, पक्ष्याने तिच्याकडे पाहिलं, तिने पिशवी बंद केली. रविवारी टेबलावर कोल्हापुरी रस्सा होता, पूर्वायुष्य नसलेल्या चिकनचा.

जेफ्रीआजोबांनी पहिला घास घेतला. थांबले. तोंडातून काळं, गोल काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. ती अख्खी काळी मिरी होती.

“छर्रा,” ते समाधानाने म्हणाले. “म्हणजे मीच मारलेला. चाळीस वर्षं शिकार करतोय, इतका मऊ फेझंट कधी खाल्ला नाही. Lovely!”

जेवण संपेपर्यंत ताटाच्या कडेला सात छर्रे ओळीने लागले. यतीनने घामाघूम होऊन त्यांच्या नेमबाजीचं कौतुक केलं.

“आणि तुझ्या त्या पोळ्या, नीना! रोज सकाळी चहाबरोबर एक. हो की नाही गं आर्या?”

“आणि त्यांचे पक्षी आपण किती आवडीने खातो, सांग ना आर्या,” यतीन म्हणाला.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. ‘नेहमी खरं बोलावं’ ही पाटी तिने शाळेसाठी स्वतः रंगवली होती, आणि ती समोरच्याच भिंतीवर, यतीनच्या डोक्यामागे लागलेली होती. आर्याने पाटीकडे पाहिलं. टेबलाखाली तिच्या पायावर डोकं टेकून झोपलेल्या मस्टर्डकडे पाहिलं.

“Lovely,” ती म्हणाली.

बुधवार वाचला. जाताना जेफ्रीआजोबांनी पातेलं नेलं, अर्थात भरून.

संध्याकाळी नीनाने आर्यापुढे वाटी ठेवली. त्यात होते ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे बोराएवढे कोबी. लोकल. सीझनल. “सगळे संपवायचे हं,” असं म्हणून ती फोनवर बोलायला वर गेली.

आता मला सांगा, तुमच्या घरी पानातलं सगळं संपतं ना? छान. मोठ्यांनाही विचारा, आणि ते काय म्हणतात ते मला सांगू नका.

आर्याने वाटीवर झाकण लावलं, फ्रीझरचा खालचा कप्पा उघडला आणि वाटी फेझंटच्या शेजारी नीट ठेवली. आई जिना उतरून आली तेव्हा ती तोंड पुसत होती.

“संपवलेस? कसे होते?”

“Lovely, आई.”