हिंगणा रोडवरचे रोडगे

प्लॉट विकायला शिक्षण लागत नाही, गोतावळा लागतो, असं पंचफुलाबाईंचं ठाम मत होतं. आणि गोतावळ्याच्या बाबतीत नागपूरच्या अख्ख्या महाल वस्तीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचा गोविंदा मॅट्रिकला दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा जो उठला तो कायमचाच. चोविसाव्या वर्षी त्याचा हुद्दा म्हणजे घरातल्या झोपाळ्याला तेल घालणं. अशात चौऱ्याहत्तर साली हिंगणा रोडवर शेतं मोडून ले-आऊट पाडणाऱ्या ताराचंदशेठना प्लॉट विकायला एक माणूस हवा आहे, हे बाईंच्या कानावर आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी गोविंदासाठी पॅन्टचं कापड आणलं.

अडचण एकच होती. त्या जागेवर कृष्णकांत नावाच्या एका बी.कॉम.चाही डोळा होता. मुलगा इस्त्रीच्या घडीसारखा सरळ, बोलायला लागला की वाटावं, तार वाचतोय. शेठजींनी दोघांनाही सांगितलं, येत्या रविवारी ले-आऊटवर गिऱ्हाइकं आणा. ज्याच्यामुळे प्लॉट खपेल, त्याला नोकरी.

गोविंदा घरी येऊन डोकं धरून बसला.

"रडून काहून राहिला?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "त्यानं नकाशा दाखवावा, आपण रोडगे खाऊ घालू. उपाशी माणसाले जमीन दिसते काय?"

काटोलपासून उमरेडपर्यंत निरोप गेले. प्लॉट पाहायला या म्हटलं असतं तर चार आले असते. रोडगे आहेत म्हटल्यावर त्रेचाळीस आले. बाईंचे धाकटे भाऊ रुपराव तर वांग्याचं पोतंच खांद्यावर टाकून एस.टी.तून उतरले.

रविवारी सकाळी माळावर ऊन कोवळं होतं, कणकेचे गोळे तयार होते, आणि ज्यांच्या विस्तवात ते भाजायचे त्या गोवऱ्या ओल्या होत्या. चुलत जाऊ बायजाबाईंनी त्या मोरीला टेकवून रचल्या होत्या. त्यावरून त्यांना अजून ऐकावं लागतं, तो भाग वेगळा. नुसता धूर. त्रेचाळीस माणसं त्या धुराकडे अशी पाहत होती, जसं मुहूर्त टळल्यावर वऱ्हाड नवरदेवाच्या वाटेकडे पाहतं.

तेवढ्यात रुपरावांना गवतात बाभळीच्या खुंट्या दिसल्या. चांगल्या वाळक्या, हातभर उंच, ओळीनं रोवलेल्या, वर डोक्याला चुना.

"हे काय होय वं, बाई?"

बाईंचा जन्म शेतीत गेलेला. त्यांनी एकदाच पाहून निकाल दिला. "शेतवाल्याच्या वेलाच्या खुंट्या हायेत. वाळवी लागू नये म्हणून चुना लावला. शेत इकलं, आता त्याले कायले पाहिजे? उपट."

बाईंनी 'उपट' म्हटल्यावर विचार करायची त्या घराण्यात रीत नव्हती. अर्ध्या तासात माळ असा साफ झाला, जसा न्हाव्याच्या हाताखालून गेला. विस्तव झकास धरला. रोडगे फुटून हसायला लागले.

मग कृष्णकांत आला. त्याच्यामागे एकच गिऱ्हाईक, तारऑफिसातले केशवराव आणि त्यांची बायको लतिकाताई. त्यानं नकाशा उघडला, बेचाळीस नंबर म्हणत दहा पावलं चालला आणि थांबला. नकाशा उलटा केला. मग स्वतःच उलटा फिरला.

"इथे प्लॉटच्या खुंट्या होत्या," तो म्हणाला.

पंचफुलाबाईंनी विस्तवाकडे पाहिलं. एका अर्धवट जळलेल्या खुंटीचं पांढरं डोकं त्यांच्याकडेच पाहत होतं. त्यांनी हळूच त्यावर एक रोडगा ठेवला.

शेठजी मोटारीतून उतरले तेव्हा मात्र लपवायला रोडगे पुरले नाहीत. मोजणीवाला आठ दिवस उन्हात उभा होता हो, असं ते रडवेल्या आवाजात सांगू लागले. गोविंदा नव्या पॅन्टमध्ये घामानं भिजला.

"शेठजी, जमीन कुठं पळून नाही गेली," बाई म्हणाल्या. "आधी जेवून घ्या, मंग रागवा."

शेठजी जेवले. चार रोडगे, वर तूप. मग त्यांना धंदा आठवला. गोविंदाच्या पाहुण्यांपैकी कोण प्लॉट घेतो, असं त्यांनी विचारलं. रुपरावांनी बोटं चाटली.

"माह्याकडे बावीस एकर हाये, शेठजी. या एवढ्याशा तुकड्यात काय करू, बैल बांधू?"

बाकीच्यांचीही तीच कथा. गोविंदानं आईकडे पाहिलं. आईनं वरणाच्या भांड्याकडे पाहिलं.

पंगतीत बसून दुसरा रोडगा फोडणाऱ्या लतिकाताई बोलल्या. "आम्ही घेऊ. कुठलाही द्या. पण शेजार यांचा हवा." त्यांनी पंचफुलाबाईंकडे बोट केलं. "तुम्ही इथे घर बांधणार ना?"

बाई नाही म्हणणारच होत्या. पण शेजारच्या बाईला कोपर मारत बायजाबाई म्हणाल्या, "हे काय घेते? हिची बोलाचीच कढी."

"काहून नाही घेणार?" पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. "यायच्या बाजूचा मले द्या. कोपऱ्याचा."

दोन प्लॉट खपले. शेठजींनी हिशोब सरळ केला: पहिला कृष्णकांतच्या गिऱ्हाइकानं घेतला, दुसरा कृष्णकांतच्या गिऱ्हाइकाच्या आग्रहानं खपला. सोमवारी कृष्णकांत सदर भागातल्या शेठजींच्या कचेरीत रुजू झाला आणि त्यानं सुवाच्य अक्षरात पहिली पावती फाडली, ती पंचफुलाबाईंच्या नावानं.

आता कोणी विचारलं की बाई मान ताठ करून सांगतात, गोविंदा प्लॉटच्या धंद्यात आहे. तसं ते खोटंही नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला तो सदरच्या कचेरीत जातो, हप्ता भरतो आणि घरी येतो.