मंजिरीताईंची जावा

मंजिरीताई रविवारच्या मराठी वर्गात 'जावा' वापरतात, हे कळल्यावर जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेनमधले झाडून सगळे आयटीवाले बाप आपापली मुलं घेऊन धावले. आमचे हे सगळ्यांत पुढे. ही जावा कॉम्प्युटरमधली नव्हे, इंडोनेशियातल्या बेटावरची, हे समजेपर्यंत आमची इरा सतरंजीवर बसलीसुद्धा होती.

ताई युनिव्हर्सिटीत शिक्षणशास्त्राच्या संशोधक. जावा बेटावर काही वर्षं राहिल्या आणि तिथली मोजपट्टी घेऊन जर्मनीत परतल्या. शुद्धलेखन गेलं चुलीत, त्या मुलांची वृत्ती तपासतात. 'तेपा सेलिरा' म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं. 'उंगा-उंगू' म्हणजे समोरचा माणूस बघून बोलणं.

"अहो, तिथे जेवण्यालासुद्धा वेगवेगळे शब्द. स्वतःसाठी एक, मोठ्यांसाठी दुसरा."

"आपल्याकडेही आहेत की, गिळणं आणि जेवणं," आमचे हे पुटपुटले.

"वृत्ती बघा, वृत्ती," ताई म्हणाल्या आणि ह्यांना तिथल्या तिथे नापास केलं.

तेपा सेलिराची परीक्षा चकलीची. ताटलीत मुलांपेक्षा एक चकली कमी ठेवायची आणि कोण झडप घालतं, कोण आपली मोडून देतं, ते कोपऱ्यातून बघायचं. त्यात इरा पास व्हायची. अडायची ती उंगा-उंगूत. जर्मन शाळेत सगळ्यांना 'डू' म्हणणारी पोर ताईंनाही खुशाल 'तू' म्हणायची. तिची मैत्रीण रेवा दोन्हींत पास होऊन कधीच मोठ्या गटात गेली होती, आणि इरा घरी येताना गाडीत मुसमुसायची. मला बघवेना. मी आठवडाभर तिच्याकडून 'अहो, तुम्ही' घोकून घेतलं. ती मांजरालाही "अहो, उठा" म्हणायला लागली.

रविवारी नेमकं एक मूल आजारी. चकल्या सगळ्यांना पुरल्या, परीक्षेचा बोऱ्या वाजला. ताई हिरमुसून कोपऱ्यात बसल्या. इरानं इकडेतिकडे पाहिलं, आपली चकली मोडली आणि थेट त्यांच्यापाशी गेली.

"तुला नाही मिळाली?"

दारातून बघत मी कपाळाला हात लावला. इरानंही जीभ चावली. "अहो... तुम्हाला..."

"राहू दे गं," ताई चकली घेत म्हणाल्या. "आई गेल्यापासून मला कुणी 'तू' म्हटलंच नव्हतं."

इरा आता मोठ्या गटात रेवाशेजारी बसते. सगळ्यांना 'अहो' म्हणते, मांजरालासुद्धा. ताईंना मात्र 'तू'.