माझं शिकाऊ भूत

भूत बनवावं तर मीच! ही नुसती फुशारकी नाही, माझी पीएचडीच भुतावर आहे.

म्हणजे असं की, अर्धी पीएचडी विद्यापीठात आणि अर्धी गेम बनवणाऱ्या एका कंपनीत, असा हा भागीदारीचा संसार आहे. विद्यापीठ सर देतं, कंपनी यंत्रं देते आणि झोप मी देतो. कंपनीच्या नव्या गेममध्ये एक मोठं रिकामं घर आहे. खेळणाऱ्यानं त्यात लपायचं, भुतानं शोधायचं. इतर गेममधली भुतं ठरलेल्या कोपऱ्यातून ठरलेल्या वेळी 'भॉ' करतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी भीक घालत नाही. माझं भूत शिकतं! माणसानं भुताच्या जागी बसून खेळायचं, की हे त्याच्या सवयी हळूहळू उचलतं आणि मग स्वतःच्या डोक्यानं हिंडतं.

शिकवणारा अर्थात मी. घरच्या कॉम्प्युटरवर बसून मी काही दिवस जीव तोडून भूतपणा केला. दारं आपटली, जिन्यावरून उड्या घेतल्या, लपलेल्यांच्या अंगावरच्या चादरी खसकन ओढून काढल्या. लपणारी पोरंही खरी नव्हती, त्यांनाही कॉम्प्युटरच पळवायचा. मग कंपनीत कामाचा डोंगर उभा राहिला आणि मी पहाटे जाऊन उशिरा यायला लागलो. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत तसाच चालू राहिला. त्यातलं भुताचं शिकणंही चालू राहिलं आणि रोज आपोआप कंपनीतल्या भुतात जाऊन पोचत राहिलं, हे मात्र मी साफ विसरलो.

लोक विचारतात, भुतांची भीती नाही वाटत? मी नुसता हसतो. स्वयंपाक्याला कधी कणकेची भीती वाटते का! लहानपणी आमच्या खोलीत एक यायचं, ते सोडा. लहानपणी सगळ्यांच्याच खोलीत काहीतरी येतं.

घरी आम्ही तिघं. आई बोलते, मी हूं म्हणतो आणि बाबा गप्प असतात. बाबा मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म परक्या पोरांना वळण लावण्यात गेला, घरच्या पोराशी बोलायचं राहून गेलं. ते विचारतात, "जेवलास?" मी म्हणतो, "हो." झालं आमचं संभाषण! मी नेमकं काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वडिलांना कोणत्या तोंडानं सांगणार, की तुमचा घोडा झालेला मुलगा भुतं पाळतो?

तर परीक्षेचा दिवस उजाडला. भूत लोकांना खरोखर घाबरवतं का, हे कंपनी तपासणार होती. छातीला पट्टा बांधून खेळायला बसवायचं आणि काळीज किती उडतं ते यंत्रावर बघायचं, अशी ती रीत. हे खातं ज्या बाईंकडे होतं, त्यांना सगळी कंपनी मोजणीबाई म्हणायची. त्या स्वतः कशालाच घाबरत नसत.

"भूत पास झालं तर करार पुढे," मोजणीबाई म्हणाल्या. "नाही झालं तर आमचा गेम आम्ही परत घेणार."

सरांनी मला बाजूला ओढलं. "गेम गेला की तुझा प्रबंध गेला. नवा विषय, पहिल्या पानापासून! कळतंय ना?"

"सर, तुम्ही निवांत बसा," मी म्हणालो. "माझं भूत आहे!"

पहिला गडी व्यायामशाळेत शिकवणारा होता. दंड असे, की पट्टा छातीला पुरेना. तो आतल्या खोलीत बसला, आम्ही बाहेर काचेपलीकडे, समोर त्याच्याच खेळाचा पडदा. गेममधल्या घरात तो ऐटीत हिंडू लागला. मी किंकाळीची वाट बघत होतो.

किंकाळी आलीच नाही.

लांबच्या टोकाला, बोळाच्या शेवटचा दिवा विझला. मग त्याच्या अलीकडचा. मग आणखी अलीकडचा. कसली घाई नाही, गडबड नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो थांबला. एक उघडं दार अगदी अलगद, कडीचाही आवाज न होता लागलं.

"दारं आपटतं म्हणाला होतास ना?" सर पुटपुटले.

यातलं काहीएक मी शिकवलं नव्हतं!

पैलवान पलंगाखाली शिरला. दोन पावलं आली, पलंगाशी थांबली आणि तिथेच राहिली. वाकणं नाही, ओढणं नाही, गुरगुरणं नाही. नुसती उभी. आम्ही बाहेर श्वास धरून बसलो होतो. यंत्रावरची रेघ हळूहळू चढत होती.

"हे काही करत का नाही?" आतून पैलवानाचा आवाज आला. त्या आवाजाला मिसरूडही फुटलं नव्हतं.

पावलं हलली नाहीत. शेवटी पैलवान आपणहून पलंगाखालून बाहेर आला, पलंगावर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून गप्प पडला. तेव्हा कुठे पावलं वळली आणि निघून गेली.

पट्टा काढून तो बाहेर आला तेव्हा घामानं निथळत होता. "मारलं असतं तरी चाललं असतं हो," तो म्हणाला. "मला सारखं वाटत होतं, की आपण काहीतरी चूक केलीय आणि ती त्याला माहीत आहे."

पाठोपाठच्या मंडळींचंही तेच झालं. एका बाईंनी तर खेळता खेळता भुताची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांनाही सांगता येईना.

"हे तुम्हीच शिकवलंत?" मोजणीबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! अर्थात!"

"मग आता तुम्ही बसा. बनवणाऱ्यालाही भीती वाटते का, ते बघू."

मी बसलो. न बसून सांगतो कोणाला? स्वतःला बजावलं, की अरे, हे सगळे नुसते आकडे आहेत, त्यातले निम्मे तूच लिहिलेस. बोळातला दिवा विझला. मानेवरचे केस उभे राहिले, पण मी हटलो नाही. पैलवानाची युक्ती वापरून सरळ पलंगावर जाऊन आडवा झालो. झोपलेल्याला ते सोडून देतं, हे एव्हाना कळलं होतं.

ते आलं. पलंगाशी उभं राहिलं. मी वाट बघितली. पण मला सोडून ते जाईना.

मग पायथ्याची चादर हलली. ही चादर मी गेममध्ये ठेवली होती ती ओढून काढण्यासाठी. ती वर यायला लागली. गुडघ्यापर्यंत, पोटापर्यंत, छातीपर्यंत. हनुवटीशी येऊन थांबली. मग तिचं एक टोक खांद्याखाली नीट खोचलं गेलं. आणि एक हात माझ्या पावलावर क्षणभर टेकून उचलला गेला.

माझं रक्त गोठलं! कारण लहानपणी आमच्या खोलीत जे यायचं, ते हेच करायचं. अस्संच! आवाज न करता यायचं, दिवा विझवायचं, चादर हनुवटीपर्यंत आणायचं, टोक खांद्याखाली खोचायचं, पावलाला हात लावायचं आणि जायचं. मी डोळे घट्ट मिटून, श्वास कोंडून पडलेला असायचो. हे मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. मग यंत्राला कोणी सांगितलं?

मी बोंब ठोकली आणि खुर्चीसकट मागे कोसळलो. पट्टा तुटला. यंत्रावरची रेघ कागदाबाहेर गेली. त्या दिवसातला सगळ्यांत मोठा आकडा माझा होता!

"पास!" मोजणीबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

सरांनी मला मिठी मारली. मला मात्र कशाचाच आनंद होईना. दिवेलागणीला घरी पोचलो तर घरात अंधार. स्वयंपाकघर शांत, पुढच्या खोलीची खुर्ची रिकामी. आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर पडद्यावर भूत एकटंच फिरत होतं. एकेक दिवा विझवत, एकेक दार लावत.

तेवढ्यात जाणवलं, की माझ्या पाठीमागे कोणीतरी उभं आहे. पाऊल वाजलं नव्हतं. नुसतं उभं आहे, बोलत नाही. आणि मला वाटायला लागलं, की आपण काहीतरी चूक केलीय.

"जेवलास?"

मी दुसऱ्यांदा किंचाळलो.

दिवा लागला. बाबा! हातात चष्मा पुसायचं फडकं.

"बाबा, हे... हे तुम्ही खेळता?"

बाबा गोरेमोरे झाले. "दुपारचा वेळ जात नाही. हात लावायचा नव्हता का? बिघडलं का काही?"

"रोज?"

"रोजच म्हण. पोरं फार उनाड आहेत रे. तो निळ्या सदऱ्याचा तर पलंगाखालीच सापडतो. ओरडायचं नाही, नुसतं जाऊन उभं राहायचं. आपणहून झोपतात. आता इतकी सवय झालीय, की मी चष्मा पुसायला उठलो तरी तो रखवालदार आपला आपण फेरी मारतो."

"कोण रखवालदार?"

"हा काय, मी ज्याला चालवतो तो."

"बाबा, तो रखवालदार नाही. ते भूत आहे."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. "भूत?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "मग पोरांना सांभाळतं कोण?"

एवढ्यात आई बाजारातून आली. दारातूनच म्हणाली, "मी सांगत होते, त्याला विचारून हात लावा! तर म्हणे, तो दिवसभर काय करतो ते तरी कळू दे मला."

मी खुर्चीत बसलो. विचारलं, "आणि चादर?"

"चादर सगळ्यांना नाही घालत," बाबा म्हणाले. "जो लपत नाही, पळत नाही, गुमान येऊन पडतो, दमलेला असतो, त्यालाच."

"लहानपणी मलाही घालायचात."

बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "वसतिगृहाची फेरी संपवून यायचो तोवर तू झोपलेला असायचास."

"जागा असायचो."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"घाबरायचो! मला वाटायचं, भूत आहे."

बाबांनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. "मी रोज थोडा वेळ थांबायचो," ते म्हणाले. "वाटायचं, जागा झाला तर दोन शब्द बोलू."

आई पिशवी घेऊन आत गेली. ती बोलली नाही, ही त्या दिवसातली सगळ्यांत अजब गोष्ट.

करार पुढे गेला. प्रबंधही वाचला. भुताला कोणी शिकवलं ते खरंखरं लिही, असं सरांनी बजावलं, आणि मी लिहिलं. परवा मोजणीबाईंचा फोन आला होता, पुढच्या गेमला एक बाईचं भूत हवंय, घरात आणखी कोणी आहे का? आईला विचारलं तर म्हणाली, "करीन की! पण माझं भूत बोलेल. नुसतं उभं राहणं मला जमायचं नाही."

मी आता लवकर घरी येतो. "जेवलास?" नंतर आमची आणखी दोन-चार वाक्यं होतात. बहुतेक त्या निळ्या सदऱ्याच्या पोराबद्दल. आणि मी झोपलो, की दिवा विझतो, चादर हनुवटीपर्यंत येते, टोक खांद्याखाली खोचलं जातं. मी भुतांवर संशोधन करणारा घोडा, आता मला सगळं ठाऊक आहे, काही बोलायला हरकत नाही. पण पावलावर हात टेकला, की अजून माझे डोळे घट्ट मिटतात.

भीतीनं नव्हे हो. बरं, थोडंसं भीतीनंसुद्धा!