सोनवणे सरांचं वार्तापत्र

मी अक्कलदाढ काढली, ती सोनवणे सरांनी विभागाच्या कामगिरीत छापली. थापा नाही मारत! 'प्रा. सौ. देवरे यांनी मौखिक संप्रेषणातील अडथळा तज्ज्ञांच्या साहाय्याने यशस्वीरीत्या दूर केला.' माझा गाल सुजलेला, तोंडात कापूस, आणि जो तो येऊन अभिनंदन करतोय. बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर सरांना तिथल्या तिथे सोलून काढलं असतं.

नाशकातल्या आमच्या संज्ञापन आणि चित्रपट विभागात मी रेडिओ शिकवायची, सर फिल्म. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विभाग म्हणजे तीन खोल्या आणि एक कॅमेरा, तोही बारा महिने मुंबईला दुरुस्तीला. पण वरच्या ऑफिसला दर महिन्याला प्राध्यापकांचे 'उपक्रम व यश' लागायचे. उपक्रम कुठून आणणार? ते वार्तापत्र काढायचं काम सरांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

चहाच्या वेळी ते नुसता कानोसा घेत बसायचे. कुणी काही बोललं की खिशातून पेन बाहेर. "अहो, याची नोंद घ्यायला हवी!"

आमचे विभागप्रमुख वर्षाचा तांदूळ भरायला घोटीला गेले, तर छापून आलं, 'विभागप्रमुखांचा इगतपुरी तालुक्यात अभ्यासदौरा. स्थानिक उत्पादकांशी थेट संवाद.'

"अहो सर, तांदूळ आणला हो त्यांनी!" मी म्हटलं.

"मॅडम, भाव करताना बोललेच असतील ना? मग संज्ञापनच की ते!"

फोटोग्राफीच्या मॅडमनी मुलीच्या लग्नाची पैठणी येवल्याहून आणली, ते झालं 'हातमाग परंपरेचे दृश्यात्मक निरीक्षण'. कॅमेरा दुरुस्तीला होता त्या अख्ख्या वर्षाचं नाव 'कॅमेराविरहित चित्रीकरणाचा अभिनव प्रयोग'. वरच्या ऑफिसातून त्याबद्दल शाबासकी आली. आता बोला!

आम्ही तोंडानं सरांची टिंगल करायचो, पण आपलं नाव आलेला अंक प्रत्येक जण गुपचूप घरी न्यायचा. मीसुद्धा. दाढेचा अंक सासूबाईंनी शेजारी फिरवून आणला होता.

आणि एका महिन्यात शेवटच्या पानावर, तळाशी, दोन ओळी आल्या. 'प्रा. सोनवणे यांच्या लघुपटाला केरळातील महोत्सवात दुसरे पारितोषिक. शनिवारी दुपारी चार वाजता विभागात दाखवण्यात येईल.' ना ऐतिहासिक, ना अभिनव. वाचून स्टाफरूममध्ये हशा पिकला.

"चुलतभावाच्या लग्नाची कॅसेट असणार," विभागप्रमुख म्हणाले. "नारळ मिळाला असेल, त्याचं झालं केरळ!"

सर एकेकाच्या टेबलाशी गेले. "याल ना? हे खरं आहे हो."

"हो हो, नोंद घेतली!" सगळ्यांनी सांगितलं.

शनिवारी मी गेले, कारण प्रोजेक्टरच्या कपाटाची चावी माझ्याकडे असायची. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खुर्च्या स्वतः मांडल्या होत्या, कोपऱ्यात चिवड्याचा हा मोठा पुडा. आम्ही दोघंच.

"जरा थांबू या. ट्रॅफिक असेल," सर म्हणाले. स्टाफरूम शेजारीच होती. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येत होता. शेवटी त्यांनी दिवा मालवला.

पंचवटीतला भाजीबाजार. एक म्हातारी बाई मेथीच्या जुड्या लावतेय, कोथिंबिरीवर पाणी मारतेय, गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडतेय. निवेदन नाही, संगीत नाही. मधेच ती कॅमेऱ्याकडे बघून खेकसते, "धंद्याच्या टायमाला काय लावलंय रं हे?" आणि मग आवाज खाली आणून, "जेवलास का?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. इतकं चांगलं काम आमच्या विभागात कुणी केलं असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"कोण या?"

"अक्का. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच वाढवलं, भाजी विकून शिकवलं. लग्नांची शूटिंग करतो ना मित्र, त्याचा कॅमेरा आणला होता." सर पडद्याकडेच बघत होते. "दिवाळीआधी गेली. आपल्या लोकांनी तिला एकदा बघावं, एवढंच होतं मनात."

"अहो, मग हे लिहायचंत ना! आले असते सगळे."

"बसलो होतो लिहायला. पण तिच्याबद्दल वाढवून लिहवेना. आणि साधं लिहिलं, तर कुणाला पटलं नाही." ते माझ्याकडे वळले. "कशी वाटली? खरं सांगा मॅडम. वार्तापत्रातलं नको."

अप्रतिम म्हणणार होते, पण तो शब्द गेल्याच महिन्यात पाण्याच्या फिल्टरच्या उद्घाटनाला लागला होता. हृदयस्पर्शी विभागप्रमुखांच्या भाषणाला. चांगले म्हणून जेवढे शब्द होते, ते सगळे आम्ही नासवून ठेवलेले.

"सर," मी म्हटलं, "ती जेवलास का विचारते ना, तेव्हा मला उत्तर द्यावंसं वाटलं."

सर रडले. त्या रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध उभं राहून, अगदी हमसून रडले. मग रुमालानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "परत लावू?"

"लावा," मी म्हटलं. "पहिल्यापासून लावा."