नाण्यांचं माहेरघर

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना नाणी जमवायचा नाद लागला होता. कुठलं जंगल ते विचारू नका. तिथे आता रिसॉर्ट झालंय, आणि त्या लोकांचा माझ्यावर आधीच राग आहे.

नाणी माणसांची. फार पूर्वी त्या जंगलाच्या जागी एक राज्य होतं. राज्य बुडालं, राजा गेला, महाल पडले, नाणी तेवढी मातीत राहिली. आता जनावरांना नाण्यांचा काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. तुमच्या काकांना जुन्या तिकिटांचा काय उपयोग होतो? मग गप्प बसा आणि ऐका.

नदीकाठच्या रानरेड्यांना पुरात वाहून आलेली नाणी मिळायची. डोंगरमाथ्यावरच्या वानरांना पडक्या किल्ल्यात मिळायची. वानरांच्या संग्रहात सोड्याच्या बाटल्यांची झाकणंही होती. ती ते 'परदेशी' म्हणून वेगळी मांडत आणि बघायला आलेल्याला आधी तीच दाखवत.

आणि माळावर, म्हणजे जिथे सावली नाही, पाणी नाही आणि पाहुण्याला दाखवण्यासारखं काहीच नाही, तिथे साळूमावशी नावाची एक साळिंदर राहायची. नाणी तिच्याकडेही होती.

खरं म्हणजे ती तिच्या नवऱ्याची. मुळं उकरता उकरता त्याला सापडायची. बिचारा गेल्या थंडीत गेला. त्याचा एक नियम होता. नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही, आणि चाटायचं तर मुळीच नाही. मळ म्हणजे नाण्याचं वय, असं तो म्हणायचा, आणि आपलं वय कुणी खरवडून काढतं का? साळूमावशीला हसू यायचं, कारण तो स्वतःही अंघोळीच्या वाटेला फारसा जात नसे. पण तो गेल्यावर तिने नियम पाळला.

त्या नाण्यांत एक तांब्याचं होतं. काळंहिरवं, जाडजूड. त्यावर एक राणी होती आणि राणीच्या हातावर पोपट. कडेने बारीक अक्षरं होती. ती एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यायची, असं नवऱ्याच्या फार मनात होतं. ते राहूनच गेलं. साळूमावशी दुपारी कामं आटोपली की ते नाणं घेऊन बसायची. पोपट बघायची, अक्षरांवरून नजर फिरवायची. तिला वाचता काही येत नव्हतं, पण बरं वाटायचं.

असं सगळं सुखात चाललं होतं. पण सुखात चाललेलं राजाला बघवत नाही.

झालं काय, की शेजारच्या जंगलातली वाघीण सिंहमहाराजांकडे पाहुणी आली. जेवताना सहज म्हणाली, तुमच्याकडे नाण्यांचं फार वेड आहे म्हणे, मग बघायला जायचं तर कुठे जायचं? "सगळीकडेच," असं म्हणून महाराजांनी तिला आणखी वाढलं. पण ते त्यांच्या मनाला लागलं. पाहुणी गेल्या गेल्या त्यांनी सल्लागार कोल्होबांना बोलावून घेतलं.

कोल्होबा म्हणाले, जंगल म्हटलं की प्रत्येक गोष्टीचं एक केंद्र असावं लागतं. सगळीकडे सगळं असलं तर त्याला कुणी किंमत देत नाही. आपण स्पर्धा घेऊ. नदीकाठ, माथा आणि माळ यांत जो भाग सरस ठरेल त्याला 'नाण्यांचं माहेरघर' हा किताब द्यायचा आणि एक मोठा फलक लावायचा. महाराज म्हणाले, नुसता फलक बघायला कोण येतंय, सोबत एक तळंही खोदून द्या. पाहुण्यांना तहान लागते.

बाळांनो, इथे जरा लक्ष द्या. रेड्यांना तळं नको होतं, त्यांच्या दारात नदी होती. वानरांना नको होतं, त्यांच्याकडे झरा होता. त्या दोघांचा जीव फलकात अडकला होता. माळाला मात्र तळंच हवं होतं. उन्हाळा लागला की माळावरची सगळी प्रजा नदीपर्यंत पायपीट करायची, आणि रेडे पाण्यात डुंबत टोमणे मारायचे की आले बघा कोरडे पाहुणे. गेल्या उन्हाळ्यात माळाचे सरपंच ससेपाटील यांची म्हातारी आई वाटेत जरा टेकते म्हणाली, ती पुन्हा उठलीच नाही.

तर स्पर्धेची दवंडी पिटली आणि जंगल खुळावलं. रेड्यांनी काठावर कमान उभारली आणि 'नाणेनगरीत आपले सहर्ष स्वागत' असं लिहिलं. रेड्यांचे पुढारी दौलतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की नाण्यांना मुळात पाण्याचीच ओढ असते. वानर म्हणाले, नाणी किल्ल्यातून खाली घरंगळली म्हणून तुम्हाला मिळाली, तेव्हा मूळचे आम्हीच. एकमेकांकडचं येणंजाणं बंद झालं. ज्यांना परवापर्यंत नाण्याची कुठली बाजू वर ते कळत नव्हतं, ते आता आपल्या भागाच्या उज्ज्वल परंपरेवर भाषणं देऊ लागले.

प्रश्न उरला परीक्षेचा. कोणाची नाणी जास्त, असं बघावं तर वानर झाकणंही मोजायला लावणार. कोणाची जुनी, असं बघावं तर जुनं कशावरून ठरवायचं ते कोणालाच ठाऊक नाही. पलीकडच्या डोहातल्या कासवअण्णांना जुनी अक्षरं वाचता येत. त्यांना आमंत्रण धाडलं होतं आणि ते निघालेही होते. पण कासव निघालं म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्यासाठी कोण थांबणार?

शेवटी कोल्होबांनी तोडगा काढला. महाराज गुहेपुढच्या कट्ट्यावरून नाणी पाहतील. तिथून जे चमकेल तेच दिसेल, आणि जे दिसेल तेच श्रेष्ठ. खरी गोष्ट अशी की महाराजांची नजर अधू झाली होती. पण तसं बोलायची सोय नव्हती, म्हणून नियम करावा लागला.

मग काय, घासाघाशी सुरू झाली. रेड्यांनी नदीतली वाळू घेतली, वानरांनी चिंच घेतली, राख दोघांनीही घेतली. अख्खं जंगल दिवाळीच्या आधीच्या मोरीसारखं दिसू लागलं.

ससेपाटीलही चिंच आणि राख घेऊन साळूमावशीच्या दारात आले. मागे अख्खा माळ उभा होता. साळूमावशीने सरळ नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याचा नियम सांगितला. तिची नाणी फार झिजलेली होती, त्यांच्यावर जे काही उरलं होतं ते मळानेच धरून ठेवलं होतं. मळ गेला की चित्रही जाणार, असं तिने समजावलं. हरणं म्हणाली, मावशी, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. तरसं म्हणाली, जुनं धरून बसल्यामुळेच आपला माळ मागे राहिला.

ससेपाटील पुढे झाले. तिथेच खाली बसले. म्हणाले, "मावशी, मला नाण्यातलं काही कळत नाही. पण माझी आई पाण्यासाठी गेली."

साळूमावशीने त्यांच्या हातातली चिंच घेतली. बाकीची नाणी तिने लोकांत घासायला वाटली आणि तांब्याचं तेवढं स्वतःकडे ठेवलं. ते तिला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

आधी पोपट गेला. मग राणीचा हात गेला. तिने तोंड फिरवलं आणि घासत राहिली. संध्याकाळी नाणं नव्या नवरीच्या समईसारखं लखलखत होतं आणि त्यावर काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुहेपुढे तीन ढीग मांडले. महाराज कट्ट्यावर आले आणि त्यांनी पंजा डोळ्यांवर धरला, इतका लखलखाट. तिन्ही ढीग सारखेच. नदीचं कुठलं, माथ्याचं कुठलं, माळाचं कुठलं, काही कळायला मार्ग नाही. महाराजांनी त्यातल्या त्यात एका गोष्टीकडे बोट दाखवलं आणि विचारलं की हे फार सुरेख आहे, हे कोणत्या राजाचं? कोल्होबांनी हळूच सांगितलं की ते झाकण आहे. महाराज म्हणाले, असू दे, सुरेख आहे.

तेवढ्यात कासवअण्णा पोचले. धुळीने माखलेले, दमलेले, पण चेहऱ्यावर आनंद. ते म्हणाले, अहो, एवढी स्पर्धा कशाला? या राज्याची टांकसाळ याच जंगलात होती. राणीच्या नावाची नाणी तिथे पाडत. राणीच्या हातावर पोपट, आणि कडेने टांकसाळीच्या जागेचं नाव. एखादं न घासलेलं नाणं आणा, आत्ता वाचून सांगतो. "जिथे नाणी पाडली ते माहेर," अण्णा म्हणाले, "बाकी सगळी सासरं."

सगळे आपापल्या ढिगाकडे बघू लागले. साळूमावशी पुढे आली आणि तिने माळाच्या ढिगावर आपणच ठेवलेलं ते तांब्याचं नाणं उचलून अण्णांपुढे ठेवलं.

अण्णांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरलं. "यावर काहीच नाही."

"काल होतं," साळूमावशी म्हणाली.

तिला रडू येत होतं, पण तिने आपला एक काटा उपटला आणि धुळीत रेघा ओढू लागली. दुपारमागून दुपार ती त्या अक्षरांकडे बघत आली होती. अर्थ माहीत नसला तरी वळणं पाठ होती. एकेक वळण तिने तसंच्या तसं काढलं. कासवअण्णा मान लांब करून वाकले आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. टांकसाळ माळावरची.

माळाची प्रजा पुढे सरकली.

कोल्होबांनी घसा साफ केला. मावशींच्या भावनांचा आपल्याला पूर्ण आदर आहे, असं ते म्हणाले. पण धुळीत कोणीही काहीही लिहील. पुरावा नाण्यावर हवा. रेडे म्हणाले, बरोबर आहे. वानर म्हणाले, अगदी बरोबर आहे. इतक्या दिवसांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, म्हणून त्यांनी एकमेकांना मिठी मारली.

मग निकाल लागला. एकाही भागाला पुरावा देता आला नाही आणि सगळी नाणी सारखीच सुंदर आहेत, तेव्हा भेदभाव नको. सगळी नाणी महाराजांच्या गुहेत ठेवावीत आणि गुहेलाच नाण्यांचं माहेरघर म्हणावं. तळंही अर्थातच गुहेपुढे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माळानेही वाजवल्या, कारण कोल्होबा बघत होते.

उन्हाळा आला. माळावरून गुहा नदीइतकीच लांब. तिथे नियम असा होता की आधी नाण्यांचं दालन पाहायचं, छान आहे म्हणायचं, मग पाणी. साळूमावशीही गेली. दारात कोल्होबा होते. तिला बघून त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, कारण ते फार मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचं ते नाणं हवं तर घेऊन जा. नियमात बसत नाही, पण तुमच्यासाठी. कुठलं ते दाखवा."

साळूमावशी आत गेली. नाणी ओळीने मांडली होती. तिने पहिलं हातात घेतलं, ठेवलं. दुसरं घेतलं, ठेवलं. तांब्याची जाडजूड तर कितीतरी होती, प्रत्येक लखलखीत, प्रत्येक गुळगुळीत. ती सगळ्या ओळी फिरली, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरली. मागे रांग खोळंबली होती.

"छान आहे," ती म्हणाली. मग बाहेर येऊन पाणी प्यायली, कारण तिला तहान लागली होती.

तात्पर्य : बाळांनो, आपल्याकडची जुनी नाणी घासूनपुसून लख्ख ठेवावीत. मळकं नाणं कुणाचं तरी असतं, आणि मग ते त्याला परत द्यावं लागतं. लख्ख नाणं सरकारजमा करायला फार सोपं जातं.