दहाव्या मिनिटाचा ड्रॅगन

ड्रॅगन दहाव्या मिनिटाला मेला. झोपेतच मेला, आणि पुढचे दोन तास चाळीस मिनिटं त्याचं कुणी नावही काढलं नाही.

पण ते असो. तो मेलेला नाही असं धरूनच आपण पुढे जाऊ, कारण त्या दिवशी सिनेमागृहात घशानेही नेमकं तेच केलं.

घसा म्हणजे माणूस. परदेशी सिनेमातली माणसं, जनावरं आणि क्वचित झाडं यांना तो आपल्या भाषेत बोलतं करायचा, म्हणून डबिंगच्या स्टुडिओत त्याला हे नाव चिकटलं होतं. ‘तेरा दरवाजांचं राज्य’च्या आठही भागांत ड्रॅगनचा आवाज त्याचा. सातव्या भागाच्या पोस्टरवर ‘शेवटचा भाग’ असं छापलं होतं, आठव्याच्या पोस्टरवर ‘खरोखर शेवटचा’. तोवर तेरापैकी सहा दरवाजे उघडून झाले होते. मग अकरा वर्षं सगळीकडे शांतता होती, आणि अचानक नववा आला.

घशाच्या सासऱ्यांनी यातला एकही भाग पाहिला नव्हता. कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. जावई काय करतात असं कुणी विचारलं, की “बोलतात” एवढं सांगून ते विषय बदलायचे. लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी घसा एखाद्या दिवशी कामाला लागेल अशी त्यांना आशा होती.

नवव्या भागाचं रेकॉर्डिंग अर्ध्या तासात आटोपलं. गोष्ट आधीच बाहेर फुटू नये म्हणून कंपनी सगळा पडदा काळा करून पाठवायची. ज्याचा आवाज, त्याचं तोंड तेवढं दिसायचं. घशाला एक जबडा दिसला. तो घोरला, एकदा “दार लावून घ्या” म्हणाला आणि पुन्हा घोरला.

“बाकीचं कधी?” त्याने विचारलं.

“कळवतील,” रेकॉर्डिंगच्या बाई म्हणाल्या.

बाकीचं नव्हतंच. पण घशाने घरी जाऊन “सुरुवात झालीय, काम मोठं आहे” असं सांगितलं. बायकोने ते फोनवर वडिलांना सांगताना त्यात स्वतःची थोडी भर घातली. सोळा वर्षांत पहिल्यांदाच सासरे म्हणाले, “मग बघायलाच हवं.” नुसतं म्हणून थांबले नाहीत, सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना त्यांनी आमंत्रण दिलं. तेवीस तिकिटं काढली. अख्खी रांग.

पहिलंच दृश्य गुहेचं. अंधारातून असं काही घोरणं आलं, की खुर्च्या हलल्या.

“हे तुम्ही?” सासऱ्यांनी विचारलं.

“हो, बाबा.”

“घरी एवढं खोल नाही घोरत,” बायको अभिमानाने म्हणाली.

“दार लावून घ्या!” ड्रॅगन गरजला. सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. तो पुन्हा घोरू लागला, तेवढ्यात गुहेच्या छतातून एक दगड त्याच्या डोक्यात पडला.

थोडा वेळ गेला.

“परत कधी येतो?” सासऱ्यांनी विचारलं.

“येईल ना.”

“मेलाय तो.”

“ड्रॅगन असे मरत नसतात, बाबा. ते वेगळ्या रूपात येतात.”

इथेच तो थांबला असता, तर निभावलं असतं. पण दोनच मिनिटांत पडद्यावर एक म्हातारं झाड बोलायला लागलं, आणि सासऱ्यांनी मान वळवली. “हे तुम्ही?” घशाने होकार दिला. मग घोडा आला. घोड्याला नाही म्हणावं असं काही कारण दिसेना. मग प्रधान, मग जुळे राक्षस, मग राजा, मग राणी.

“राणीसुद्धा?”

“स्वर जरा वर नेला.”

‘राणीपण आपले जावईच’ ही बातमी खुर्चीखुर्चीने सरकत रांगेच्या टोकाला पोचली. मध्यंतरात मंडळींपैकी दातांचे एक निवृत्त डॉक्टर मुद्दाम उठून आले.

“जरा राणीचं एक वाक्य होऊन जाऊ द्या की!”

“घसा बसलाय,” तो म्हणाला, आणि खरोखरच मटकन खुर्चीत बसला.

मध्यंतरानंतर सिनेमाची तब्येत आणखी बिघडली. आठ भाग जिची वाट पाहिली ती लढाई “झाली”, असं एका निरोप्याने येऊन सांगितलं. राजाने वीस मिनिटं नकाशा समजावला. सातवा दरवाजा उघडला तर मागे भिंत निघाली. मग राजाने गुडघे टेकून राणीला लग्नाची मागणी घातली.

“राजाही तुम्हीच होता ना?” सासऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे हे तुमचं तुम्हीच ठरवताय?”

“रेकॉर्डिंग वेगवेगळ्या दिवशी झालं, बाबा.”

एकदाचा सिनेमा संपला. लोक जांभया देत बाहेर पडू लागले. घसा पहिला उठला. “चला, गर्दीच्या आधी निघू.”

“बसा,” सासरे म्हणाले. “नावं यायचीत.”

घसा परत बसला. सासरे औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदही शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यांनी लग्नाच्या नोंदणीवर सही करण्याआधी नवरा-नवरीला चाळीस मिनिटं उभं ठेवलं होतं. तेवीस माणसं बसून राहिली. नावं वर सरकत राहिली. दिवे लागले, झाडूवाले आले आणि सगळ्यांना पाय वर घ्यायला लावून पुढे गेले. सगळ्यात शेवटी आपल्या भाषेतले आवाज आले. राणीचा आवाज एका बाईंचा होता. राजा दुसराच कुणी. झाड, घोडा, दोन्ही राक्षस, सगळे परके. आणि तळाला: ‘ड्रॅगन (घोरणे व एक वाक्य)’, त्यापुढे घशाचं नाव.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“चौतीस वर्षं खोट्या साक्षी लिहून घेतल्यात मी. घोड्याच्या वेळीच समजलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?” घशाने विचारलं.

“साक्षीदाराला मधे तोडायचं नसतं.” ते म्हणाले. “पण ते घोरणं, जावईबापू... तिथे खरंच कुणीतरी झोपलं होतं. तो गेल्यावर या सिनेमात जिवंत असं कुणी आलंच नाही.” मग ते उभे राहिले आणि रांगेकडे वळले. “एवढ्या सगळ्यांत एकटा धड काम करत होता, त्यालाच मारला! का, तर म्हणे दगड पडला! पंचनामा नाही, चौकशी नाही!”

“मग आता?” दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

“आता अर्ज.”

दुसऱ्या दिवसापासून जावई काय करतात असं कुणी विचारलं, की सासरे थांबून सविस्तर सांगतात, “ड्रॅगन आहेत. सध्या मृत आहेत, पण प्रकरण चालू आहे.” घसा शेजारीच असला तर मान खाली घालून उभा राहतो आणि मनातून फार खूश होतो. सिनेमाच्या कंपनीला पाठवलेल्या अर्जाची एक प्रत त्याने कपाटात जपून ठेवली आहे. ती अशी:

‘विषय: मृत ड्रॅगनास पूर्वलक्षी प्रभावाने जिवंत करणेबाबत.

महोदय, सदर ड्रॅगन हा आठ भागांपासून आपल्या सेवेत असून त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तरी भाग नववा रद्दबातल समजावा, सदर दगड जिथून पडला तिथे परत बसवावा, आणि ड्रॅगनास दहाव्या मिनिटापासून सर्व राहिलेल्या संवादांसह कामावर हजर करून घ्यावे. अर्जदार रोज सकाळी आठला फिरून घरी येतात. तत्पूर्वी कार्यवाही व्हावी, ही विनंती.

सोबत: बावीस सह्या व राणीच्या आवाजाबाबत जावयांचा माफीनामा.

आपला विश्वासू,
ड्रॅगनचे सासरे’