दोन तलावांमधले साळवे सर

आमच्या हर्सूलच्या गल्लीत पत्र्याची एक नाव दोन पायांवर चालत यायची. उलटी. खाली फक्त दुमडलेली पँट आणि प्लास्टिकच्या चपला दिसायच्या. आतून आवाज घुमायचा, "सरका, सरका!"

ते साळवे सर. आयटीआयमध्ये पत्र्याचं काम शिकवायचे, नाव त्यांनीच बनवलेली. दर रविवारी हर्सूलचा तलाव ओलांडायचा, नाव डोक्यावर घेऊन डोंगरातल्या रानवाटेनं पलीकडच्या तलावावर जायचं आणि तिथं ती पुन्हा पाण्यात सोडायची, हा त्यांचा नेम. कोणी हसलं की म्हणत, "पाण्यात ती आपल्याला उचलती, जमिनीवर आपण तिला. यात हसण्यासारखं काय हाय?" पोहता मात्र येत नव्हतं. कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधलेला असायचा.

दुष्काळात दोन्ही तलावांना भेगा पडल्या. नाव गल्लीच्या तोंडाशी आली, टँकरचं पाणी साठवायला. बायका बादल्या बुडवायच्या आणि सर शेजारी उभे राहून कळवळायचे, "हळू गं, पोचे पडतील तिला!"

मग एका पावसाळ्यात तलाव भरले. सर माझ्या दारात आले.

"चला. मागची बाजू तुम्ही धरा."

"वाट राहिली असेल का, सर?"

"पाठ हाय मला."

डबा त्यांनी माझ्या कमरेला बांधला. हर्सूलचं पाणी ओलांडेपर्यंत मी श्वास धरून होतो. पलीकडं उतरलो तर रानाच्या जागी प्लॉटचे दगड, तारेचं कुंपण आणि अंगावर येणारी कुत्री. "वाट वर हाय," म्हणत सर चढत राहिले.

वर डोंगराची एक बाजूच नव्हती. मुरमासाठी कापून नेलेली. कड्यालगत पाऊल मावेल एवढीच पट्टी उरली होती, खाली खोल खाण.

"सर, मागं फिरू."

"थोडंच ऱ्हायलंय. पाय घासत या."

मधोमध वारा नावेत शिरला. नाव कलली, मी तोल सावरायला गेलो आणि पायाखालचा मुरूम सुटला. घसरत गेलो. हाताला एक झुडूप लागलं, त्याचीही मुळं उखडत होती.

सरांनी मागं वळून पाहिलं आणि नाव सोडून दिली. पत्रा आपटत, ठेचकाळत खाली जात होता. तोवर सरांनी पालथं पडून माझं मनगट पकडलं होतं.

"खाली बघू नका. माझ्याकडं बघा."

कसा वर आलो, आठवत नाही. सरांची दोन्ही कोपरं रक्ताळली होती.

"सर, तुमची नाव..."

"जाऊ द्या तिला," ते म्हणाले आणि उठून माथ्याकडं चालू लागले. मी मागोमाग. वर पोचलो तर खाली दुसरा तलाव काठोकाठ भरलेला. सरांनी तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली,

"सुमनऽऽ! भाकरीचं फडकं सोड, आलो!"

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. दुष्काळातच गेल्या होत्या. काठावर कोणीच नव्हतं.

"तिला पाण्याची लई भीती," सर हळूच म्हणाले. "नावेत बसायची नाय. बसनं हिकडं यायची, डोंगराकडं डोळे लावून बसायची. मी दिसल्याबिगर घास घ्यायची नाय. ती गेल्यापासून मी हिकडं फिरकलो नव्हतो."



"चला," ते म्हणाले, "तिच्या जागी जरा बसू."

आम्ही उतरलो. काठावरच्या दगडावर, पाण्याकडं पाठ करून, डोंगराकडं बघत बसलो.